आंघोळ कुणी घातली?

२ मार्च १९७४ला सकाळी मी सुकडीची, म्हणजे दुष्काळी कामावर वाटायच्या पौष्टिक पिठाची, रिकामी पोती झटकून उन्हात टाकत होते. हे काम दोघींचं. एकीनं पोत्याचे कान धरायचे, दुसरीनं काठीनं बडवायचं. त्या दिवशी कान आणि काठी दोन्ही माझ्याच हातात होती. आमच्या ग्रामसेविकाबाई आदल्या दिवशी पाथर्डीच्या एसटीत बसून गेल्या होत्या. नवरा शाळामास्तर, त्यांची तिकडे बदली झाली.

पोतं धरता धरता बाईंचा डावा हात पदराखाली जायचा, उजव्या काखेपर्यंत फिरायचा आणि पुन्हा पोत्यावर यायचा. बघणाऱ्याला वाटावं, पदर सारखा करताहेत. अशा बायका तुम्हीही पाहिल्या असतील. आपण त्यांना नीटनेटक्या म्हणतो आणि सोडून देतो.

दुसरी सवय बोलण्याची. सरपंचांनी बालवाडीच्या खोलीत कडबा भरला, असं सांगितलं तर बाई म्हणत, "बरं. मग पुढं?" सुकडीचा ट्रक आज येत नाही. "बरं. मग पुढं?" सासूबाई रुसून लेकीकडं गेल्या. "बरं. मग पुढं?" मी मुख्यसेविका, म्हणजे त्यांच्या वरची, पण पुष्कळदा पुढचं मलाच सुचवायला लागायचं.

दुष्काळात पारनेर तालुक्यात जिथं खडी फोडायचं काम निघे, तिथं आम्ही दोघी सुकडी वाटायला जात असू. त्याच सुमाराला बाईंची थोरली बहीण गेली. स्तनात गाठ होती. नगरला नेईपर्यंत उशीर झाला होता. रजा संपवून बाई आल्या, पातेल्यात डाव घातला आणि म्हणाल्या, "ताई, आक्काला पस्तिसावं होतं. मला तेहतिसावं लागलंय."

"तुम्हाला काही दुखतंय का?"

"नाही. पण रोज सकाळी हात फिरवून बघायचा मला कंटाळा आलाय. आज नाही म्हणजे उद्या. किती दिवस बघायचं?"

मी त्यांना नगरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर वयस्कर, बोलायला सरळ. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "गाठ नाही. मग मी काय कापू?"

"व्हायच्या आधी काढून टाका. दोन्ही."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "बाई, निरोगी अंगाला सुरी लावायची म्हणजे माझा हात अडतो. काढलं तरी पूर्ण खात्री मी देणार नाही. न काढता तुम्ही म्हाताऱ्याही व्हाल कदाचित. आईकडच्या बायका कशानं गेल्या?"

"आई तापानं. मावशी बाळंतरोगानं. आजी म्हातारपणानं."

"असं घरचे सांगतात. नक्की काय ते बघून या. ही एकच बहीण असेल तर मी थांबा म्हणेन. सगळ्याच असतील तर बोलू."

परतीच्या एसटीत मी म्हटलं, मामांना विचारा. बाई म्हणाल्या, "मामा तापच सांगणार. बायकांचं अंग पुरुषांना काय माहीत? आंघोळ कुणी घातली ते शोधलं पाहिजे."

मेलेल्या बाईला शेवटची आंघोळ बायकाच घालतात, आणि प्रत्येक गावात त्यासाठी ठरलेल्या दोघीतिघी असतात. बाईंची आई आणि मावशी शेवटी माहेरी येऊन तिथंच गेल्या होत्या, आणि त्या आजोळी अशांतली एक म्हातारी अजून होती. आम्ही गेलो तेव्हा उंबऱ्यावर बसून हुलगे पाखडत होती. बाईंनी ओळख सांगितली.

"आजी, माझ्या आईला आंघोळ तुम्हीच घातली ना?"

"म्याच. तुज्या मावशीला बी म्याच, आन् आजीला बी."

"आईच्या अंगावर काय होतं?"

म्हातारीनं मला न्याहाळलं. "ह्या कोन?"

"आमच्या मोठ्या बाई. बोला तुम्ही."

"डाव्या अंगाला फडकं बांधलं हुतं. त्ये सोडलं मी. जखम हुती, वंजळीएवढी. फडकं तसंच चितंवर टाकलं."

"मावशीला?"

"तसंच. आजीला दोनी अंगाला."

"मग इतक्या वर्षांत कुणी सांगितलं कसं नाही?"

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "कुनी इचारलं? आन् सांगितलं असतं, तर तुज्या आक्काचं आन् तुजं लगीन झालं असतं व्हय?"

बाई म्हणाल्या, "बरं." मी वाट पाहिली. त्या दिवशी पुढचे शब्द आलेच नाहीत.

परतताना गाडीत त्यांनी विचारलं, "ताई, तुमच्या आई कशानं गेल्या?"

"तापानं. मी लहान होते."

"आंघोळ कुणी घातली?"

"मावशीनं घातली असेल," मी म्हटलं आणि कंडक्टरला गाडी पारनेरला कधी पोचेल ते विचारलं. घरी माझ्या लेकीच्या लग्नाची बोलणी चालू होती.

बाईंच्या घरी वेगळंच सुरू झालं. मास्तर म्हणाले, "तुझं तू ठरव." हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण सगळं ओझं एकीच्याच डोक्यावर येतं. दोन मुली झाल्या होत्या, सासूबाईंना नातू हवा होता. माझ्यासमोरच त्या सुनेला म्हणाल्या, "उद्या पोरगं झालं तर त्याला काय शेळीचं पाजशील?"

"शेळीचं चांगलं असतं, आत्या. मी गावोगाव तेच सांगत फिरते."

"गावाला सांग. माझ्या नातवाला नको."

"नातू येऊ दे आधी. मी राहिले तर येईल."

सासूबाईंनी ताट सरकवलं आणि उठल्या. 

म्हातारीनं सांगितलेलं ऐकून डॉक्टरांनी पुण्याच्या एका सर्जनांचा सल्ला घेतला आणि होकार दिला. दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. मी भेटायला गेले तेव्हा बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. "दुखतंय?" म्हटलं. "दुखतंय. हात वर होत नाही. ताई, कदाचित मला झालंच नसतं."

"मग?"

"मग काय? ते आता कधीच कळायचं नाही."

मी मोसंबी सोलली.

कामावर परतल्यावर काही दिवस त्या पोलक्यात कापूस घालत. उन्हात घामानं तो भिजे, खाली सरके. एके दिवशी खडीवरच्या एका बाईनं विचारलं, "बाई, तुमचं अंग असं का दिसतंय?" बाईंनी डाव न थांबवता सगळं सांगितलं: आजी, आई, मावशी, आक्का आणि मग स्वतःचं. एक म्हणाली, "मुद्दाम काढलं? येडी हाय का काय." मागची म्हणाली, "माज्या आईलाबी असंच हुतं." दुसऱ्या दिवसापासून कापूस बंद झाला.

त्या गेल्या त्या दिवशी मी स्टँडवर होते. थोरली मुलगी, दहा वर्षांची, ट्रंकेवर बसली होती. बाई म्हणाल्या, "कोण कशानं गेली ते हिला सांगून ठेवलंय, नावानिशी. मोठी झाली की काय करायचं ते तिचं ती बघेल. पण तिला कुणी ताप म्हणून सांगणार नाही." गाडी लागली. चढताना त्यांनी पदर सारखा केला, नुसताच. हात काखेकडे गेला नाही. खिडकीतून म्हणाल्या, "ताई, मावशींना विचारलंत?"

"लेकीचं एवढं जमू दे."

"बरं. मग पुढं?"

गाडी निघाली, म्हणून उत्तर राहिलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्या २ मार्चला, पोती सबंध दिवस पुरली. एकटीनं बडवताना पोतं निम्मंच झटकलं जातं, पीठ शिवणीत तसंच राहतं. संध्याकाळी ती घडी करून खोलीत टाकली आणि रजेचा अर्ज ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीगोंद्याकडची पहिली गाडी धरली. मावशी ओसरीवर शेंगा फोडत होती. मी पिशवी खाली ठेवली, तिच्यासमोर बसले आणि पाणीही न मागता विचारलं.