किप्तारुसचे तीन

केनियातल्या डोंगरावरच्या इतेन गावाच्या थंडीत वाढलेल्या माणसाला उकाड्याच्या देशात मॅरेथॉन पळायची, तर आधी अंगाला उकाड्याची सवय लावावी लागते. आमचे कोच चेमवेनो यांनी त्यासाठी टोमॅटोचं पॉलिहाउस भाड्याने घेतलं. रोज दुपारी मी आणि किप्तारुस दोन-दोन जाकिटं चढवून आत शिरायचो, कोच बाहेरून दाराची चेन ओढून घ्यायचे, आणि पन्नास मिनिटं वाफ्यांभोवती गोल गोल. मधून मधून कोच बाहेरून विचारायचे, त्रास किती, एक ते दहात सांगा. त्या आकड्यावर दुसऱ्या दिवसाची वेळ ठरायची.

किप्तारुस चौतिशीचा. जन्मभर शर्यतीत पुढे पळून दुसऱ्यांना वेग धरून दिला, आता पहिल्यांदा स्वतःसाठी पळणार होता, आणि बहुतेक शेवटचंच. मी नुसता सोबतीला.

त्याचा आकडा कायम तीन. मी एकदा सात म्हणालो, तर म्हणे, "तुझी सुंता दवाखान्यात झाली काय रे, भूल देऊन?"

आमच्या जमातीत सुंतेच्या वेळी ज्याची पापणी हलली, तो जन्माचा भेकड. आम्ही दोघं त्यासाठी एकाच पहाटे उभे होतो. किप्तारुस दगडासारखा होता आणि अजून त्याच तोऱ्यात होता. सुंभ जळेल, पीळ जाणार नाही, असला माणूस. कोच बिचारे तीनवर विश्वास ठेवून वेळ वाढवत गेले. सत्तर मिनिटं झाली.

नवव्या दिवशी तो खांबाला धडकला. मी धरलं तर कपाळ तापलेलं, आणि घामाचा थेंब नाही. दार समोर असताना मला विचारतो, दार कुठाय. तेवढ्यात कोचनी आकडा विचारला. तो म्हणाला, तीन.

मला संताप आला, त्याचा आणि आमच्या त्या रीतीचाही. खरं सांगावं तर त्याची शर्यत जाते, गप्प बसावं तर तो जातो. आपलेच दात, आपलेच ओठ.

"कोच, त्याचे दहा झालेत. दार उघडा," मी म्हणालो.

शर्यतीला दुसराच गेला. दवाखान्यात किप्तारुसची बायको जेबिवोत, तू वाचवलंस म्हणत, माझे हात धरून रडली. किप्तारुस भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"माझ्या वतीने बोलायला तुला कुणी सांगितलं होतं?" एवढंच म्हणाला.

तीन वर्षं झाली. रस्त्यात दिसला की मी हाक मारतो. तो ओ देत नाही.