एकाच भुलीत दोन्ही

“एकाच भुलीत दोन्ही होतंय, मग सोडायचं कशाला?”

आई फोनवर मावशीला सांगत होती. सदाशिव पेठेतल्या त्या दवाखान्याच्या जिन्यात ती उभी होती, आणि आत बाकावर बसलेल्या मला ऐकू येत नसणार अशी तिची समजूत होती. “श्वासाचं तर करायचंच आहे. त्यातच नाकावरचा उंचवटाही काढून टाकतील. पुढच्या वर्षी स्थळं बघायचीच आहेत, अगं.”

मला फक्त श्वासाचं करायचं होतं. हे मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं. घरी म्हणजे आईलाच. बाबा जाऊन दोन वर्षं झाली.

माझी डावी नाकपुडी लहानपणापासून बंद. झोपेत एक बारीक शिट्टी वाजते, बाबांची वाजायची तशीच. ते गेल्यावर महिनाभराने, एका रविवारी दुपारी मी हॉलमधल्या दिवाणावर झोपले होते. जाग आली तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला कणीक तशीच. “काही नाही, झोप,” म्हणाली आणि आत गेली. मग बराच वेळ नळ वाहत राहिला. तेव्हापासून मी दुपारी झोपत नाही.

नाकही त्यांचंच. मधोमध हाडाचा उंचवटा, टोक किंचित खाली. शाळेत मुली मला पॅरट म्हणायच्या. शाळा इंग्रजी माध्यमाची, म्हणून पोपट म्हणत नसत, एवढंच. तेव्हा मला ते नाक नको होतं. आता बसच्या काचेत, लिफ्टच्या स्टीलच्या भिंतीत, नजरेच्या कडेला बाबा दिसतात. सरळ बघितलं की जातात. हेही मी कुणाला सांगितलेलं नाही.

आमचा नंबर आला. डॉक्टरांनी स्टीलची थंडगार पट्टी माझ्या नाकाखाली धरली. “सोड श्वास.” पट्टीवर उजवीकडे मोठा धूसर गोल उमटला, डावीकडे टिकलीएवढा.

“बघा,” ते आईला म्हणाले, जणू श्वास तिचा होता. दोन नाकपुड्यांमधला पडदा डावीकडे वाकलाय, तो आतून सरळ करायचा, बाहेर कुठे टाका दिसणार नाही, असं त्यांनी कागदावर काढून दाखवलं.

“आणि वरचं?” आईने विचारलं.

“तेही होईल. उंचवटा घासून काढायचा. पण नुसता काढला तर आतली वाट अरुंद होऊ शकते, म्हणून तिथे आधार द्यावा लागतो. पडद्यातूनच थोडी कूर्चा, म्हणजे मऊ हाड, घेऊन तिच्या पट्ट्या बसवतो. कसं नाक हवंय, त्याचा फोटो आणलाय?”

आईने पर्समधून मधोमध दुमडलेला फोटो काढला. तिच्या लग्नातला. वर आलेल्या अर्ध्या भागात नवरीच्या वेशातली ती, समोरून.

“माझंच द्या तिला. घरातलंच आहे. परकं नको.”

“सगळे नट्यांचे फोटो आणतात हो, काकू,” डॉक्टर हसले, आणि त्यांनी सहज दुमड उलगडली.

दुसऱ्या अर्ध्यात बाबा होते. मुंडावळ्या बांधलेले, हातात हार, आईकडे वळून बघणारे. पूर्ण बाजूने. डॉक्टरांनी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“मिस्टर का?”

“होते.”

मग डॉक्टरांनी माझा बाजूने फोटो काढून तो स्क्रीनवर घेतला आणि माऊस फिरवला. उंचवटा हळूहळू झिजत गेला. मला वाटलं, कुणीतरी बाबांना खोलीबाहेर जायला सांगितलंय, आणि ते नेहमीसारखे काही न बोलता उठलेत.

“चांगलं दिसतंय,” आई म्हणाली. मग आवाज खाली आणून, माझ्याकडे न बघता ती बोलू लागली. “अहो डॉक्टर, स्थळांचं मी सगळ्यांना सांगते. पण ते काही खरं नाही. ही बोलत नाही फारशी. पावलांचा आवाजसुद्धा नाही हिच्या. मी भाजी चिरत असते, बाजूला येऊन उभी राहते, आणि मला नुसतं नाक दिसतं. दचकायला होतं हो. रोज. दोन वर्षं झाली.”

मी तिचे हात बघत होते. डॉक्टरांनी परत दिलेला फोटो तिने पुन्हा दुमडला नव्हता.

मला वाटत होतं, बाबा फक्त मलाच दिसतात.

“काकू, नाक हिचं आहे,” डॉक्टर म्हणाले. माझ्याकडे वळले. “तू बोल. एकदा हाड घासलं की मागचं परत येत नाही.”

सकाळपासून मी एक वाक्य इंग्रजीत तयार ठेवलं होतं. इंग्रजीत ते फार सभ्य होतं, आणि त्यात आई कुठेच नव्हती. ते आता चालणार नव्हतं. मी तोंडाने श्वास घेतला, नेहमी घेते तसा.

“पडदा तेवढा सरळ करा, डॉक्टर. बाहेरचं राहू दे,” मी म्हणाले. आईने मान वर केली. “आणि आई, मी स्वयंपाकघरात यायच्या आधी तुला हाक मारत जाईन.”