दाबूनही न मिटलेली शीर

मंगलाताई गेल्याचं कळलं तेव्हा मी पारोळ्याहून धुळ्याला परतत होतो. गाडी बाजूला घेतली. ताई सोनोग्राफीच्या डॉक्टर, मी बालरोगतज्ज्ञ. एखाद्या तान्ह्या बाळाचं काही उलगडेना की मी त्यांनाच फोन करायचो...

साक्रीकडच्या एका बाळासाठी त्यांना केलेला फोन मला अजून आठवतो. जन्मतःच ते अत्यवस्थ होतं, म्हणून मोठ्या दवाखान्यात त्याच्या मांडीच्या शिरेत नळी घातली होती. त्यातून ते वाचलं, घरी गेलं, आणि काही दिवसांनी तोच पाय सुजून निळसर झाला. सुनेने मालिश करताना पाय मुरगळला, असं आजीने ठरवूनच टाकलं होतं. पोरसवदा आई माझ्यासमोर खाली मान घालून उभी होती. मला शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका आली. ताई भाच्याच्या हळदीला निघाल्या होत्या. "घेऊन या, मी थांबते," एवढंच म्हणाल्या.

बाळ रडत असताना त्या तपासायच्या नाहीत. आईला पाजायला बसवलं आणि बाळ शांत झाल्यावर तपासणी सुरू केली. चांगल्या पायाची शीर दाबली की पडद्यावर मिटायची, सोडली की उघडायची. सुजलेल्या पायाची मिटेचना. रक्ताची हालचालही दिसेना. ताईंनी पुन्हा एकदा पाहून खात्री केली आणि म्हणाल्या, "गुठळीच आहे. आजच इंजेक्शन सुरू करा."

तेवढ्यात मालिशचा दोष स्वतःकडे घेऊन बसलेल्या आईने हळूच विचारलं, "मनाच हातथी व्हयनं का हाई?"

ताई साक्रीच्याच, अहिराणी त्यांचीही घरची बोली. त्यांनी आजीला जवळ बोलावलं. "अक्का, हाई देखा. नळी व्हती ना, तठेच रक्त गोठनं. मालिशनी असं व्हत नही. इना काहीच दोष नही शे."

आजी पडद्याकडे पाहत राहिली. मग सुनेच्या मांडीवरून तिने बाळाला घेतलं आणि म्हणाली, "चाल, दोन घास खाई ले. सकायपासून उपाशी शे तू."

रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं बरेच आठवडे चालली. सूज ओसरली, पाय वाचला. ते पोर आता अंगणवाडीत जातं, एका जागी बसत नाही अशी त्याच्या आईची तक्रार असते. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या नुसत्या हसल्या आणि पुढच्या पेशंटला आत घ्यायला सांगितलं. स्वतःच्या आजारपणातही त्या जमेल तितकं काम करत राहिल्या. आपल्याबद्दल फारसं बोलल्या नाहीत.

परवा असोद्याचं एक बाळ घेऊन ताईंच्या सोनोग्राफीच्या खोलीत गेलो. खुर्चीवर नव्या डॉक्टर होत्या. टेबलावर कोमट पाण्याच्या भांड्यात जेलीची बाटली उभी होती. मी तिकडे पाहतोय हे तिथल्या जुन्या मदतनीस मावशींच्या लक्षात आलं.

"ताईंना बाळाच्या अंगाला गार जेली लावलेली चालायची नाही," त्या म्हणाल्या, आणि पाणी निवलं की काय ते बोट बुडवून पाहिलं.