आठ सासवांची सूनबाई

किस्से कसे साठतात? आमच्या कारखान्यात टेबलाखाली पार्ट साठायचे, अगदी तसे! दिवसभर कुणाच्या लक्षात येत नाही, संध्याकाळी केरसुणी फिरवली की सुपलीभर निघतात. परवा ट्रंक आवरताना एका जुन्या पोलक्याच्या शिवणीतून चांगला धडधाकट रेझिस्टन्स खाली पडला, आणि त्याच्यामागून हे सगळंच बाहेर आलं.

कारखाना म्हटलं म्हणून मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. नागावात नारळाच्या वाडीत एक लांबोडकी पडवी. पूर्वी तिथे सुपारी साठवायचे. त्या पडवीत आम्ही आठ बायका ट्रान्झिस्टर रेडिओच्या पोटातली पाटी तयार करत असू. तळहाताएवढी पाटी, एका अंगाला तांब्याच्या रेघा छापलेल्या आणि बारीक बारीक भोकं पाडलेली. त्या भोकांतून एकेका पार्टचे पाय ओवायचे, मागून वाकवायचे, कथलाचा डाग द्यायचा. झालं! "विणकाम येणाऱ्या बाईला हे आठ दिवसांत जमतं," असं आमचे मालक नेनेसाहेब म्हणत.

मला विणकाम येत होतं. मला महिना लागला.

कारण मी प्रत्येक पार्ट तीनदा बघायची. हा माझा जुनाच रोग. घराला कडी घातली की नाही ते बघायला मी अर्ध्या वाटेतून परत जाते. बेबी झोपली की तिचा श्वास चाललाय ना, म्हणून नाकाशी बोट धरते. मग ती जागी होते, रडते, आणि सासूबाई म्हणतात, "चाललाय हो श्वास, सगळ्या आळीला कळलं!" बाकीच्या बायका वीस पाट्या करायच्या तेवढ्यात माझ्या बारा व्हायच्या. माझ्या शेजारी थळच्या कोळीवाड्यातून एस.टी.ने येणारी हिराबाई बसे. ती म्हणायची, "मास्तरीनबाय, पाटी हाय ती, पोरगी न्हाय. सोड आता तिला!"

मास्तरीण मी नव्हे, मास्तर आमचे हे. पण हिराबाईने एकदा नाव ठेवलं की ते सुटत नसे.

*

नावं ठेवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिला अक्षर येत नव्हतं, पण एक पार्ट कधी चुकला नाही. तिने सगळ्या पार्टना मासळीची नावं दिली होती. बारीक लांबट रेझिस्टन्स म्हणजे मांदेली. चपटा गोल कंडेन्सर म्हणजे तिसरी, शिंपल्यातली. तीन पायांचा ट्रान्झिस्टर, कुर्ली. इवलाले डायोड म्हणजे जवळा! महिन्याभरात आठी जणी तेच बोलायला लागलो. "अगं, दोन मांदेली इकडे सरकव." "जवळा संपला गं!" मी शाकाहारी घरातली, या कारखान्यात मला मासळी ओळखता यायला लागली.

नेनेसाहेब इंजिनियर माणूस. सुरुवातीला कपाळाला हात लावायचे, मग हळूहळू त्यांच्याही तोंडात ते बसलं. इतकं बसलं, की मुंबईला मालाची मागणी लिहिताना एकदा हातून लिहून गेलं: 'मांदेली पाचशे, कुर्ल्या शंभर, ताबडतोब पाठवणे.'

मुंबईहून माल पाठवायचे ते शांतिलालभाई. कारखान्यात त्यांची भागीदारीही होती. त्यांचं उत्तर पुढच्या टपालाने आलं: 'हा माल आमच्याकडे ठेवत नाही. भाऊच्या धक्क्यावर सकाळी चांगला मिळतो.'

*

एकदा बेबीने रेझिस्टन्स गिळला.

म्हणजे मी घरी गेल्यावर पदर झटकला, टप्पकन काहीतरी खाली पडलं, बेबी रांगत तिथे गेली, आणि मग ते काहीतरी दिसेना! मी तिला उचललं आणि डॉक्टरांकडे धावले. चपलासुद्धा सासूबाईंच्या घातल्या होत्या, त्याही दोन्ही डाव्या पायाच्या कशा झाल्या देव जाणे.

डॉक्टर म्हणाले, "काय गिळलं? केवढं आहे ते?"

मी म्हटलं, "चार हजार सातशे ओहम! पिवळा, जांभळा, तांबडा, असे पट्टे!"

डॉक्टरांनी बेबीला तपासायचं सोडून माझीच नाडी धरली.

रेझिस्टन्स रात्री केस सोडताना माझ्या अंबाड्यात मिळाला. पदरातून जे पडलं होतं ती चिंचोक्याची डाळ होती, असं सासूबाईंचं म्हणणं. मी अजूनही अधूनमधून बेबीच्या पोटावरून हात फिरवून बघते. आता ती शाळेत जाते!

*

मग ते यंत्र आलं.

शांतिलालभाईंनी ते कुठूनसं जुनं, परदेशातलं, मोडीत निघालेलं मिळवलं होतं. ते म्हणे पार्ट आपोआप पाटीवर बसवतं. दिसायला शिवणाच्या मशिनसारखं, पण पुरुषभर उंच. वर चकतीवर कागदी पट्टी गुंडाळलेली, पट्टीवर पार्ट ओळीने चिकटवलेले. खाली पाटी धरायची, पायाने पेडल दाबायचं, की खट्! पार्ट पट्टीवरून सुटणार, पाय वाकणार, भोकात जाणार.

ते लाँचने रेवसला आलं, तर नेमकी ओहोटी. लाँच धक्क्याला लागेना. शेवटी होडीत उतरवलं आणि हिराबाईच्या भावकीतल्या सहा जणांनी गुडघाभर चिखलातून खांद्यावर वाहून आणलं. शेजारून नेनेसाहेब धोतर खोचून चाललेत आणि यंत्राला ऊन लागू नये म्हणून त्याच्यावर छत्री धरलीय! स्वतःच्या टकलावर काही नाही.

नेनेवहिनी आमच्याबरोबर बघायला आल्या होत्या. हिराबाईने त्यांना हळूच विचारलं, "वयनी, तुमच्यावर कदी धरलीन व्हती का छत्री?"

वहिनी म्हणाल्या, "लग्नात धरली होती. ती सुद्धा मामांनी."

हसून हसून आमची पुरेवाट झाली. पण परत येताना बैलगाडीत जी ती मागे बांधलेल्या यंत्राकडेच बघत होती. कारण नेनेसाहेबांनी, बिचाऱ्यांनी, आधीच सांगून टाकलं होतं. यंत्र नीट चाललं तर टेबलावर दोघींचंच काम उरेल. शांतिलालभाई महिन्याभराने येणार, आपल्या डोळ्यांनी चाचणी बघणार आणि ठरवणार.

आठांतल्या दोघी. आणि सगळ्यांत हळू कोण, हे काही कुणाला मोजायला नको होतं.

मला तिथे बसायला फार आवडायचं. एवढंच. हे कुणाला सांगायची चोरी. मास्तरांची बायको, तान्ही मुलगी घरी सासूच्या ओटीत, आणि हिला काय आवडतं, तर भोकांत तारा ओवायला!

*

खांद्यावरून आली, तोंडातून शब्द नाही, आणि आल्या दिवशी सगळ्यांच्या जिवाला घोर. हिराबाईने यंत्राचं नाव ठेवलं सूनबाई.

आता सूनबाई म्हटल्यावर गृहप्रवेश नको? आम्ही हळदकुंकू लावलं. तांदळांनी काठोकाठ भरलेलं माप पुढ्यात ठेवलं. पण सूनबाईला पाय एकच, तो म्हणजे पेडल. तेव्हा माप पेडलला टेकवून ठेवलं. नेनेसाहेबांनी भक्तिभावाने पेडल दाबलं, माप लवंडलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि हिराबाईने वरून ओंजळभर अक्षता टाकल्या.

सूनबाईने एकदा 'खट्' केलं. मग 'खुर्र' केलं. मग पाच दिवस काहीच केलं नाही.

शेवटी शांतिलालभाई स्वतः मुंबईहून मेकॅनिक घेऊन आले. मेकॅनिकने झाकण उघडलं आणि चिमट्याने एकेक दाणा काढून रुमालावर ठेवायला सुरुवात केली. शांतिलालभाई वाकून बघायला लागले. "आ शुं? चावल?"

नेनेसाहेब जमिनीकडे बघत म्हणाले, "गृहप्रवेश."

आम्ही भिंतीला चिकटलो. आता काय तोफ सुटते! शांतिलालभाईंनी एक दाणा उचलला, नीट पाहिला, परत ठेवला.

"बरं. मग नाव काय ठेवलं?"

*

पुढे सूनबाई कामाला लागली. पण आमची पडवी आणि शेजारच्या रघुनाथाची पिठाची गिरणी विजेच्या एकाच तारेवर. गिरणी सुरू झाली की दिवे मलूल व्हायचे आणि सूनबाईचं 'खट्' एकदम दमल्यासारखं, 'ख...ट' व्हायचं. म्हणून रघुनाथाशी ठरलं, सकाळी आमचं यंत्र, दुपारी त्याचं दळण.

एका सकाळी तो हात जोडून दारात उभा. "साहेब, आज एवढी दुपारपर्यंत सूनबाई उपाशी ठेवा. घरी खऱ्या सूनबाईचं लग्न हाय, वड्यांचं पीठ दळायचं हाय."

नेनेसाहेबांनी कारखाना बंद ठेवला. आम्ही आठी जणी वडे खाऊन आलो.

*

सूनबाईची एक खोड होती, आंधळेपणाची. पट्टीवर जे जसं चिकटवाल, ते तसंच ती बसवणार. आणि पट्ट्यांवर पार्ट चिकटवायचे कुणी? आम्हीच!

मांदेली उलटी लागली तरी चालते. पण एक कंडेन्सर असतो, गोलसर चांदीच्या रंगाचा, त्याला सुलट-उलट असतं. एका टोकाशी अधिकची खूण असते, मोहरीएवढी, तीही निम्म्यांवर पुसट. हा उलटा बसला की तापतो आणि फुटतो. या कंडेन्सरने मला फार छळलं होतं. झोपेत खुणा दिसायच्या. शेवटी मी घरून कुंकवाचा करंडा आणला. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन, उजेडात धरून, तीनतीनदा बघून, अधिकच्या टोकाला काडीने मेण लावायचं आणि कुंकवाचा ठिपका द्यायचा. मग बायका बघायच्याही नाहीत. कुंकवाची बाजू उजवीकडे, की चिकटवलं! हे काम मला कुणी सांगितलं नव्हतं. माझी भीती म्हणून मी करत होते. नेनेसाहेबांना तर ती आमची काहीतरी पूजाच वाटायची.

*

चाचणीच्या दिवशी पहाटे बेबीला ताप भरला.

मी निरोप पाठवला, येत नाही. आणि कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसले. ताप उतरायची काळजी एक, आणि दुसरी सांगायला लाज वाटते: आज माझ्यावाचून सगळं सुरळीत होणार, आणि सगळ्यांना ते दिसणार.

दुपारी ताप उतरला. बेबीने पेजेचा पहिला घोट घेतला आणि दारात हिराबाई. धापा टाकतेय, अंबाडा सुटलेला.

"मास्तरीनबाय! करंडा घे नि चल!"

सासूबाई आतून म्हणाल्या, "आज कुणाकडे हळदीकुंकू?"

"सूनबाईकडं!"

बेबीला दुपट्यात गुंडाळलं, काखेत घेतलं आणि निघाले. कडी बघायला परत गेले नाही. आयुष्यात पहिल्यांदा!

वाटेत कळलं ते असं. सकाळी घाईत पट्टी भरली. ठिपके नाहीत, खुणा पुसट. जिला जसं वाटलं तसं तिने चिकटवलं. शांतिलालभाई घड्याळ हातात घेऊन बसले. सूनबाई काय धावली म्हणता! खट् खट् खट्, हां हां म्हणता पाट्यांची चळत. डाग दिले, एक पाटी बसवून पहिला रेडिओ लावला. गाणं सुरू झालं, शांतिलालभाई मान डोलवायला लागले, आणि फट्! दुसरा लावला. फट्! तिसऱ्याला नेनेसाहेबांनी डोळे मिटून बटण फिरवलं.

मी पोचले तेव्हा पडवीत जळका वास होता आणि शांतिलालभाई नाकाला रुमाल लावून उभे होते. मी बेबीला हिराबाईच्या मांडीवर दिलं, दारातल्या उजेडात बसले आणि उरलेली पट्टी तपासायला घेतली. विसांत नऊ उलटे. ते उचकटले. एकेक उजेडात धरला, तीनदा बघितला, ठिपका दिला. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणणार, आवर लवकर. कुणीच म्हणालं नाही. शांतिलालभाई तर माझ्या डोक्यावर वाकून मोजत होते: एक वेळ, दोन वेळ, तीन वेळ.

बायकांनी पट्टी पुन्हा भरली. खट् खट् खट्. डाग दिले. रेडिओ लावला. गाणं सुरू झालं. आम्ही सगळ्या श्वास धरून. गाणं संपलं. बाजारभाव सांगितले. पावसाळी हवामान सांगितलं. रेडिओ चालूच!

शांतिलालभाईंनी घड्याळ खिशात टाकलं. मग यंत्राकडे बघितलं, मग आमच्याकडे. कुणी पट्टी कापतेय, कुणी पार्ट निवडतेय, कुणी चिकटवतेय, कुणी डाग देतेय. "पण नेनेसाहेब, मशीन तर सगळं आपोआप करे ना? मग आठ बाया अजून आहेतच कशा?"

नेनेसाहेबांच्या आधी हिराबाईच बोलली. "शेट, एका सुनंला भरवायला आठ सासवा लागतात. व्हय की न्हाय?"

शांतिलालभाई हसले, तेव्हा कुठे आम्ही हललो. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "अने आ बेन?"

नेनेसाहेब म्हणाले, "हा मशीनचाच पार्ट. पुस्तकात छापायचा राहिलाय."

आठांतल्या एकीलाही टेबलावरून उठावं लागलं नाही. पुढल्या महिन्यात नेनेसाहेबांनी मुंबईला सामानाची यादी पाठवली: 'यंत्राचे तेल एक बाटली, पट्टा एक, कागदी पट्टी बारा गुंडाळ्या, कुंकू दोन डब्या.'

शांतिलालभाईंचं उत्तर पुढच्या टपालाने आलं: 'तेल, पट्टा, गुंडाळ्या व कुंकू पाठवीत आहे. हळद किती लागते ते कळवावे.'