नाना सर आणि मला न दिसणारा निकेलचा रंग

नाही रे, ग्रुपवरचा मेसेज खरा आहे. सोनवणे सर गेले.

आज सकाळी. धुळ्यात, त्यांच्या घरी.

जळगावला कॉलेजात आम्हाला केमिस्ट्री प्रॅक्टिकल शिकवायचे. समोर 'सर', पाठीमागे सगळ्यांचे 'नाना'.

मला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, हे जवळच्यांना माहितीये.

एफवायला फ्लेम टेस्ट. स्ट्रॉन्शियमची ज्योत लाल, बेरियमची हिरवी. मला दोन्ही सेम!

माझी लॅब पार्टनर मयुरी, फैजपूरची. म्हणाली, "तू केळी घ्यायला एकटा जाऊ नको रे, हिरवीच घेऊन येशील!"

अख्खी बॅच हसली. मीही हसलो.

आणि मग नानांना सांगितलं, "सर, मी केमिस्ट्री सोडतोय."

"सोड. पण आधी हे करून जा."

फिल्टर पेपरवर खाली पेन्सिलची रेघ. रेघेवर लोखंड, तांबं, कोबाल्ट, निकेल यांचे ठिपके. शेजारी माझ्या अननोनचा, म्हणजे मला ओळखायच्या धातूचा.

पेपर जारमध्ये उभा केला. तळाला अ‍ॅसिटोन आणि थोडं अ‍ॅसिड. ते पेपरवर चढत जातं आणि प्रत्येक धातूला वेगवेगळ्या उंचीवर सोडतं.

"झाकण उघडू नको हां. आपल्याकडच्या उन्हात अ‍ॅसिटोन बसतं का कुठं जागेवर?"

जारसमोर आम्ही दोघंच. नाना मधूनमधून बंद कूलरला शिव्या घालत होते.

पेपर वाळवला. निकेल असेल तर पिंक करणारा स्प्रे मारला.

"पिंक दिसतोय?"

"नाही सर. मळकट काहीतरी."

नानांचा पेशन्स संपला की ते अहिराणीत यायचे.

"रंग र्‍हाऊ दे! कितला वर चढना ते सांग!"

पट्टी लावली. माझा ठिपका सगळ्यात खाली. शेजारच्या निकेलच्या बरोब्बर लेव्हलला.

"निकेल?"

"मंग!" पाठीवर असा धपाटा, की चष्माच खाली आला.

मी केमिस्ट्रीतच राहिलो.

फायनलला पुन्हा हाच प्रयोग, आणि बाहेरचे एक्झामिनर. विचारलं, "स्पॉटचा रंग?"

"दिसत नाही सर. पण उंचीवरून निकेल आहे."

ते नानांकडे वळले. "रंग दिसत नाही, आणि हा केमिस्ट होणार?"

"उत्तर चुकलं का साहेब?"

"चुकलं नाही, पण..."

"मग?"

मार्क मिळाले. पण जाताना ते साहेब म्हणालेच, "ज्याला रंग दिसला नाही, त्यानं पदार्थ ओळखला असं मी म्हणणार नाही."

आता एमएस्सी करतोय. पिंक निकेल अजूनही पाहिलेला नाही.

नाना, नीट जा. खूप आठवण येईल.

बाकीच्यांनो, खरं सांगा. तुम्ही त्या टेबलापलीकडे, एक्झामिनरच्या जागी असता, तर मी निकेल ओळखला असं म्हणाला असतात?