खिडकीतल्या बाटल्या

थेंबबाईचा शब्द म्हणजे कारखान्यात काळ्या दगडावरची रेघ. सरबताच्या त्या कारखान्यातल्या लॅबमध्ये तिची चोवीस वर्षं गेली. सरबत पेल्यात घ्यायचं, वरच्या काचनळीतून निळा रंग थेंबाथेंबानं सोडायचा. सरबतात क जीवनसत्त्व असेल तोवर थेंब विरत राहतो. संपलं की पेला गुलाबी. हे करता करता बाईचं खरं नाव लोक विसरूनही गेले.

प्रत्येक खेपेच्या काही बाटल्या ती लोखंडी कपाटात बंद करून ठेवी, महिन्या-महिन्यानं त्यांतली एक तपासून दाखल्यावर सही करी. दोन वर्षांपूर्वी तपकिरी बाटल्या जाऊन पारदर्शक काचेच्या आल्या. "गिऱ्हाइकाला रंग दिसला पाहिजे, बाई," मॅनेजर म्हणाला. कपाटातल्या बाटल्या पूर्वीइतक्याच कसदार निघत. मग बाई कशाला कुरकुरेल?

तिचा धाकटा भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. घशाच्या ऑपरेशननंतर त्याला घास गिळवेना. दूध, पातळ लापशी आणि बहिणीनं आणलेलं सरबत, एवढ्यावर गडी तगून होता. खोकं आलं की सगळ्या बाटल्या तो खिडकीच्या फळीवर ओळीनं मांडायचा.

"काय रे, दुकान थाटलंस?"

"अक्का, दिवसभर छताकडे बघण्यापेक्षा हे बरं. ऊन आलं की अख्खी खोली नारिंगी. फुकटात रंगकाम!"

"पाट्या सुटल्या, आता माझ्या भिंतींच्या मागे लागलेत," वहिनी म्हणायची.

मग त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. पायांवर काळेनिळे डाग उठले, उभं राहवेना. दवाखान्यात दाखल केलं. डॉक्टरांनी हिरड्या बघितल्या, पाय बघितले.

"फळं, भाज्या पोटात जात नाहीत. क जीवनसत्त्व कमी पडत असणार."

वहिनीनं तोंड उघडायच्या आत थेंबबाई बोलली. "ते सोडून बोला, डॉक्टर. रोज दोन बाटल्या पितो तो. मी स्वतः तपासते, सही माझी असते."

डॉक्टरांनी लिहायला घेतलेली ओळ खोडली. घशाचा जुनाच आजार उलटला असेल, म्हणून शोध सुरू झाला. सुया, फोटो, रिपोर्ट. हाती काही लागेना. सरबत मात्र घरून येतच होतं, त्याच फळीवरचं.

सोळाव्या दिवशी भाऊ म्हणाला, "अक्का, तुझं सरबत शिळ्या पाण्यासारखं लागतं गं."

"तोंडाला चव नाही तुझ्या," ती फणकारली. पण मनात किडा वळवळायला लागला. दुसऱ्या दिवशी घरच्या फळीवरची एक बाटली तिनं लॅबमध्ये नेली.

पहिलाच थेंब गुलाबी होऊन बसला.

आपलंच काही चुकलं म्हणून तिनं पेला धुतला, पुन्हा केलं. पुन्हा गुलाबी. मग त्याच खेपेची कपाटातली बाटली काढली. थेंब विरत गेले, विरत गेले, थांबेचनात. तेच सरबत, तेच झाकण. एक अंधारात राहिली होती, दुसरी उन्हात; पारदर्शक काचेतून आत गेलेल्या उजेडानं तिचा कस खाल्ला होता. दोन वर्षं ती जी बाटली तपासत होती, ती कुणी पीतच नव्हतं. लोक पीत होते ती दुकानाच्या दिव्याखालची, खिडकीतली.

तशीच धावत दवाखान्यात पोचली. डॉक्टरांनी ऐकलं आणि लगेच इंजेक्शन द्यायला सांगितलं. पण त्याच सकाळी भावाच्या मेंदूत रक्त उतरलं होतं. त्यानं डोळे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेला.

बाहेरच्या बाकड्यावर वहिनी बसली होती. "वन्सं, नेमकं झालं काय होतं हो त्यांना?"

जुना आजार, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. वहिनीनं डोळे झाकून विश्वास ठेवला असता. थेंबबाई तिच्या पायाशी फरशीवर बसली.

"डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बरोबर ओळखलं होतं. मी मधे तोंड घातलं."

मग बाटल्यांचं सगळं सांगितलं, काही न झाकता. वहिनीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पाय आवरून घेतले, उठली आणि समोरच्या बाकड्यावर जाऊन बसली.