मदिनाभाभीचं न गळणारं छत

"भोक पाडा म्हणतोय मी! एक न्हाय, चार पाडा!"

"आन् मी म्हणतो न्हाय पाडणार. भोकच पाडायचं हुतं तर दोऱ्याला मेण कशापायी फासत बसलो मी? हाताला खाज सुटलती काय?"

"भाभी, मे महिना हाय. वळीव काय मला पत्रिका धाडून येतोय व्हय?"

"येऊ दे की. त्यासाठनंच घालतात न्हवं छत? का कावळ्यांस्नी बसायला घालतात?"

हे भांडण चाललं होतं ते पाण्याखाली बसून. अगदी खरोखरच्या पाण्याखाली. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत मदिनाभाभीच्या अंगणात चार बांबूंना नव्या पांढऱ्या छताचा एक पदर बांधला होता, त्यात दोन घागरी पाणी ओतलं होतं, आणि त्या फुगलेल्या कापडाच्या बरोबर खाली चटई टाकून भाभी आणि उदयसिंह मंडपवाले चहा पीत होते. भाभीची ही पद्धतच. मंडपाचं कुठलंही छत शिवून झालं की असं बांधायचं, पाणी ओतायचं आणि ज्यानं शिवायला दिलं त्याला खाली बसवून चहा पाजायचा. कप रिकामा होईस्तोवर चहात थेंब पडला नाही, तर छत पास. पडला, तर भाभी आपला कप तसाच ठेवून छत उसवायला घेणार. पण कुणाच्या चहात थेंब पडल्याचं आता पेठेत कुणाला आठवत नाही.

ज्या लग्नासाठी हे छत होतं, तिथली नवरीही आली होती. कळंब्याच्या गणपतरावांची स्वप्नाली. राजारामपुरीत एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. ती मात्र चटई सोडून, उंबऱ्यावर बसली होती.

"तू का गं लांब बसलीस?" भाभी म्हणाली. "इश्वास न्हाय माझ्यावर?"

"तसं नाही हो चाची. आजच केस धुतलेत."

उदयसिंह खो खो हसला. त्याच्या हसण्यानं वरचं पाणीसुद्धा डुचमळल्यासारखं वाटलं. "बघा! फिजिक्सवाली बी बाहेर बसलीय. मॅडम, तुम्हीच समजवा भाभीला. पाणी साचलं तर काय हुतंय?"

"वजन होतं," स्वप्नाली म्हणाली. "भलतंच होतं. वीतभर पाणी आणि तुमच्या ह्या चटईएवढी जागा, तेवढ्यातच चार-पाच माणसं वर बसवल्यासारखं."

"पाण्याचं वजन मला नको सांगू, बाळ," भाभी म्हणाली. "ते माझ्या मानेला इचार."

आणि ते खरं होतं. मदिना लग्न होऊन पेठेत आली तेव्हा नळ गल्लीच्या तोंडाला, आणि घर गल्लीच्या बुडाला. डोक्यावर एक घागर, कमरेवर एक. नवरा चमन उदयसिंहाच्या वडिलांकडे मंडप बांधायला जायचा आणि फाटकी कापडं ठिगळं लावायला घरी आणायचा. ठिगळं लावता लावता मदिना कापड शिकली. कुठलं पाणी पितं, कुठलं झटकतं, कुठली शिवण ताणल्यावर हसते. "हसते" हा तिचा शब्द. म्हणजे टाके सुटून फट पडते. सुईत दोरा ओवण्याआधी तो मेणावर ओढायचा आणि शिवण दुहेरी दुमडायची, हे तिचं तिनं शोधलं. चमन गेला त्याला बरीच वर्षं झाली, पण तोवर गावात लोक मंडप ठरवताना म्हणायला लागले होते, "छत मदिनाचं हाय न्हवं?"

एवढं कापडात डोकं घालून बसणारी बाई, पण लक्ष सारखं वर. ढग आला की तिची सुई थांबायची. एका घागरीनं माझी मान मोडायची, मग एवढं पाणी ह्यानं कुठल्या मानेवर पेललंय? चमनला विचारलं तर तो म्हणायचा, "खुदाची मर्जी. तू दोरा ओव." नळ दुरुस्तीवाल्याला विचारलं, तर त्यानं पाना खाली ठेवून तिच्या सुनेला सांगितलं की सासूला जरा डॉक्टरला दाखवा. आणि आता समोर आयती फिजिक्सवाली.

"ते छताचं ऱ्हाऊ दे," भाभी स्वप्नालीकडे सरकली. "मला एक सांग. ढगाला वजन असतंय?"

"झालं!" उदयसिंह म्हणाला. "आता चहा दुसरा टाका."

"असतं की," स्वप्नाली म्हणाली. "लई असतं. आपला साधा, कापसासारखा पांढरा ढग असतो ना, एक किलोमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच… त्यात साधारण पाचशे टन पाणी असतं."

"टन मला कळत न्हाय. घागरीत सांग."

स्वप्नालीनं मनात काहीतरी जुळवलं आणि सोडून दिलं. "घागरी नाही जमणार चाची. उसानं भरलेला ट्रॅक्टर बघितलाय? दोन ट्रॉल्यांचा, कारखान्याला जाणारा? तसले पंचवीस-तीस."

भाभीनं कप खाली ठेवला. मग मान वर करून अंगणावरच्या आभाळात बघितलं. तिथे एक लहानसा ढग नुसता लोळत होता.

"त्यात? पंचवीस ट्रॅक्टर?"

"तो लहान आहे. त्यात पाच-सहा धरा."

"मग पडत का न्हाईत?"

"कारण ते एकत्र नाहीत. त्यातला एकेक थेंब इतका बारीक असतो, की पिठाचा कण त्याच्यापुढं दगड वाटेल. तो पडतच असतो खरं तर, पण इतका हळू, की खालून वर जाणारी गरम हवासुद्धा त्याला झेलून धरते."

"आन् मग पाऊस?"

"थेंब एकमेकांवर आदळतात, चिकटतात. लाखो मिळून एक मोठा झाला की हवेला काही तो पेलत नाही."

भाभीनं पुन्हा वरच्या ढगाकडे बघितलं. मग म्हणाली, "म्हंजे एकएकटी हाईत तवर वर. भेटली की खाली."

"हो की. तसंच."

"आरं, हेच मी इतकी वर्षं इचारत हुतो की समद्यांस्नी!" भाभी उदयसिंहाकडे वळून म्हणाली. चेहरा असा उजळलेला, की उदयसिंहाला वाटलं, हीच वेळ.

"मग भाभी, आता भोकं?"

"न्हाय."

"आवो, आत्ता तर समजलं तुमास्नी सगळं!"

"ढगाचं समजलं. छत माझं हाय." भाभीचा आवाज खाली आला. "उदयदादा, डोळ्यांचं माझ्या तुला ठावं हाय. डॉक्टर म्हणतोय, बारीक काम बंद. एवढं मोठं छत म्या परत शिवणार न्हाय. ह्या गावात मदिनाचं काय ऱ्हाणार? ना शेत, ना दुकान. छत गळत न्हाय, एवढं एक नाव हाय. आन् शेवटच्या छताला मीच भोकं पाडू? दुसरं ने बाजारातनं. न्हायतर हे असंच ने."

उदयसिंहानं ते तसंच नेलं.

हळदीच्या दिवशी कळंब्यात, तलावापलीकडच्या गणपतरावांच्या मोकळ्या रानात छत चढलं. भाभीला मानानं बोलावलं होतं. तिला बसायला खुर्ची दिली, तर ती खुर्ची मंडपाच्या तोंडाशी ओढून बसली, कारण तलावावर ढग चढत होता. कापसासारखा नव्हे. बूड काळंनिळं, डोकं ऐरणीसारखं पसरलेलं.

"स्वप्नाली, ए स्वप्नाली! ह्यात किती ट्रॅक्टर गं?"

नवरी पाटावर बसलेली, गालाला हळद, मुंडावळ्या डोळ्यांवर. तिनं मान तिरकी करून बघितलं. "ह्याला ट्रॅक्टर पुरत नाहीत चाची. कारखान्याचा सबंध हंगाम लागेल."

"या अल्ला," भाभी हरखून म्हणाली. "सबंध हंगाम!"

"नवरे, खाली बघ!" गणपतरावांच्या चुलतीनं, तानाबाईनं दटावलं. "हळद लावताना ढग बघत्यात व्हय?"

तेवढ्यात वारा आला, मागोमाग गारा आणि मग नुसता धो धो. छताखाली पन्नासएक बाया. सगळ्यांनी आपसूक वर बघितलं. एक थेंब आत नाही! बाहेर आभाळ फाटलेलं आणि आत हळदीच्या वाटीत लाटसुद्धा नाही. तानाबाई टाळ्या पिटत ओरडली, "वा गं मदिना! नाद न्हाय करायचा तुझा!" भाभीनं पदर तोंडाला लावला. लाजली असावी.

पहिल्यांदा बघितलं ते उदयसिंहानं. चार खांबांच्या मधे छत खाली आलं होतं. मग पलीकडेही. मग तिसरीकडे. एकेक पोट, गाभण म्हशीसारखं. दुहेरी दुमडलेल्या शिवणी बांधासारख्या उभ्या होत्या, आणि प्रत्येक दोन बांधांत पाणी अडलं होतं.

"बाहेर व्हा! सगळ्या बाहेर व्हा!" तो ओरडला.

"कुठं बाहेर? गारा बघ केवढाल्या!" तानाबाईनं उलट ओरडून सांगितलं. घर होतं रानाच्या पार त्या टोकाला. कुणी हललं नाही.

उदयसिंहानं लांब बांबू घेतला आणि त्याच्या टोकाला कोयता बांधला. भाभी खुर्चीवरून उठली ती सरळ त्या बांबूला येऊन लटकली.

"सोडा भाभी!"

"न्हाय सोडणार. आदी पाणी ढकलून बघू. तुझा बा बी ढकलायचा, माझा चमन बी ढकलायचा."

"ती कापडं गळायची, भाभी! निम्मं पाणी गळूनच जायचं!"

पण बांबू तिनं हिसकला. उलटा केला, बोथट टोकाला पदर गुंडाळला आणि सगळ्यात मोठ्या पोटाला खालून रेटा दिला. पाणी हललं. शिवणीच्या बांधावर चढलं, क्षणभर थांबलं, आणि पलीकडे उतरलं. भाभी हसली. आणि लगेच तिचं हसू थांबलं, कारण ते बाहेर गेलंच नव्हतं. ते शेजारच्या पोटात गेलं होतं. तिथलं आणि इथलं मिळून एक झालं आणि त्या भारानं तिसरंही इकडेच वळलं. आता छताला एकच पोट होतं, मंडपाच्या मधोमध, नवरीच्या पाटावर. दोर करकरले. एक खांब आतल्या बाजूला कलला.

"एकएकटी हुती," भाभी पुटपुटली. "भेट म्याच घालून दिली."

स्वप्नालीनं मुंडावळ्या वर सारल्या. ती ओरडली नाही. इतकंच म्हणाली, "चाची, पाच-सहा टन असेल वर. जास्तच."

भाभीनं वर बघितलं. कापड ताणून काचेसारखं झालं होतं आणि त्यातून पाण्याचा हिरवट उजेड दिसत होता. ती तशा अवस्थेतही दोन घटका बघत राहिली असती, असं उदयसिंह अजून सांगतो. पण तिनं बांबू सुलटा केला.

"नवरीला उचला. सगळ्या कडंला व्हा, खांबाला चिकटू नका. तानाबाई, ऊठ की गं, गारंनं मरत न्हाईस!"

"भाभी, शिवणीत घाला कोयता," उदयसिंह म्हणाला. "परत शिवता यील."

"शिवण न्हाय सुटायची. माझी हाय ती," भाभी म्हणाली. "कापडच फाडाय पायजे."

बाया कडेला झाल्या. पाट रिकामा झाला. भाभीनं बांबू दोन्ही हातांनी धरला, टाचा वर केल्या आणि कोयता लावला. फाटल्याचा आवाजसुद्धा कुणाला ऐकू आला नाही. पाणी धारेनं आलं नाही. थेंबांनी तर नाहीच. ते एका गठ्ठ्यानं आलं, जमिनीवर आदळलं आणि पाट, वाट्या, तांब्या, अक्षता, सगळं घेऊन मंडपभर पसरलं. हळदीनं पिवळं झालेलं पाणी पन्नास बायकांच्या घोट्यांपर्यंत चढलं. मग खांब सरळ झाला, दोर सैल पडले आणि छत आपण होऊन वर गेलं.

कुणी रडलं, कुणी हसलं. भाभी फाटीखाली उभी होती, पार भिजलेली. उरलेल्या धारेत तिनं तळहात धरला होता, वजन करावं तसा. फाटीतून वरचं आभाळ दिसत होतं.

कडेच्या दोन पोटांत आता पुन्हा पाणी चढत होतं. उदयसिंह जवळ आला. पहिल्यांदाच तो हळू बोलला. "भाभी… ती दोन?"

तिनं बांबू त्याच्या हातात दिला.

त्यानं एकापाठोपाठ एक दोन्ही फाडली. मंडपात आता तीन ठिकाणी धो धो गळत होतं. तानाबाई पातळ पिळत पुढं आली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, पण आवाज तिचा असा, की रानाच्या त्या टोकाला ऐकू जावा.

"मदिना! अगं सगळं कोल्हापूर म्हणतंय, तुझं छत गळत न्हाय! आता काय म्हणायचं गं आम्ही?"

सगळ्या बाया हसल्या. स्वप्नाली तेवढी हसली नाही.

भाभीनं तानाबाईकडे बघितलं. ओला पदर खांद्यावर नीट घेतला. मग ती मंडपाच्या तोंडाशी गेली आणि तिथेच न थांबता बाहेर, गारांवरून पाय टाकत, मान वर करून त्या ढगाकडे बघत तलावाच्या दिशेनं चालू लागली.